शस्त्रवैद्याकडे जाण्यापूर्वीं

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना हंसूं येईल, कांहींना किंचित् रागही येईल. चेहऱ्यावरील सैलपणा घालविण्यासाठीं शस्त्रक्रिया करून घेणें हा श्रीमंतांचा आणि नटनट्यांचा छंद आहे, सामान्य गृहस्थाला त्याच्याशीं काय कर्तव्य, असें पुष्कळांना वाटतें. पंचवीस वर्षांपूर्वीं मलाही तसेंच वाटत असे. पण मी एका शहरांत कुटुंबाचा डॉक्टर म्हणून काम करतों, आणि गेल्या कांहीं वर्षांत हा प्रश्न घेऊन माझ्या दवाखान्यांत येणारीं माणसें नटनट्या नाहींत. तीं बँकेंतून निवृत्त झालेलीं, शाळेंत शिकविणारीं, घरांत सून-जांवई आलेलीं माणसें आहेत. तीं दार लोटून घेतात, खुर्ची पुढें ओढतात, आणि आवाज खालीं आणून विचारतात, "डॉक्टर, हें फेसलिफ्ट करून घेणें बरें का?"

करून घ्यावें कीं न घ्यावें, याचा निवाडा मी आज करणार नाहीं. तो ज्याचा त्यानें करावयाचा आहे. पण ज्याच्या मनांत हा विचार आला आहे त्यानें प्लॅस्टिक सर्जनच्या पहिल्या भेटीला कोणती तयारी करून जावें, काय सांगावें, काय विचारावें, आणि कोणतें उत्तर ऐकल्यावर स्वस्थ उठून घरीं यावें, एवढें सांगण्याचा माझा उद्देश आहे. हें सांगावेंसें वाटण्यास एक कारण घडलें आहे. तें ओघानें येईलच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'प्लॅस्टिक सर्जरी' या नांवांतील प्लॅस्टिकचा आपल्या घरांतील बादल्यांशीं व डब्यांशीं कांहीं संबंध नाहीं. घडविणें, आकार देणें, अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून तें नांव आलें आहे. आणि ही विद्याही आपल्याला परकी नव्हे. कापलें गेलेलें नाक आणि तुटलेली कानाची पाळी पुन्हां कशी घडवावी याचें वर्णन सुश्रुतसंहितेंत आहे. पुण्याच्या आसपास तर ही कला अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जिवंत होती. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईंत इंग्रजी सैन्याबरोबर असलेला कावसजी नांवाचा एक गाडीवान टिपूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक कापण्यांत आलें. पुढें पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातींतील एका कारागिरानें त्याच्या कपाळाच्या त्वचेंतून त्याला नवें नाक करून दिलें. हा वृत्तांत १७९४ सालीं लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें छापून आला. तो युरोपांतील शस्त्रवैद्यांनीं लक्षपूर्वक वाचला, आणि १८१४ मध्यें कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्यानें त्याच रीतीनें लंडनमध्यें शस्त्रक्रिया केली.

फेसलिफ्ट मात्र अलीकडची. जर्मनींतील होलँडर या शस्त्रवैद्यानें १९०१ मध्यें एका बाईच्या आग्रहावरून तिच्या कानापुढील त्वचेची पट्टी काढून गाल वर घेतले, येथून तिचा इतिहास सांगण्याची रीत आहे. पॅरिसमध्यें सुझान नोएल या स्त्री-शस्त्रवैद्यानें या विषयावर १९२६ सालीं एक ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या नांवांतच या विद्येच्या सामाजिक कार्याचा उल्लेख केला. वय दिसूं लागलें म्हणून जिची नोकरी जाण्याची भीति आहे अशी कष्टकरी स्त्री त्यांच्या डोळ्यांपुढें होती. तेव्हां ही इच्छा म्हणजे केवळ नटवेपणा, असें एका शब्दांत उडवून लावणें न्यायाचें नाहीं.

आतां या शस्त्रक्रियेंत होतें काय, तें पाहूं. वय वाढतें तशी नुसती त्वचाच सैल पडते असें नाहीं. त्वचेखालीं चरबीचा थर आहे, त्याखालीं स्नायूंना वेढणारा एक चिवट तंतुमय पडदा आहे, आणि सर्वांच्या खालीं हाडांचा सांगाडा. काळाच्या ओघांत हाडें थोडीं झिजतात, चरबीचे कप्पे कोठें ओसरतात तर कोठें खालीं सरकतात, पडदा ढिला होतो, आणि उन्हानें व वयानें त्वचेची लवचिकता जाते. मग गालाचा भार जबड्याच्या कडेवर येऊन बसतो आणि हनुवटीखालीं गळ्यावर दोन दोऱ्या उभ्या दिसूं लागतात. पूर्वींचे शस्त्रवैद्य केवळ त्वचा ओढून जादा भाग कापीत व शिवून टाकीत. त्यामुळें चेहरा ताणलेला दिसे, आणि गुणही फार दिवस टिकत नसे. स्वीडनच्या स्कूग यांनीं १९७४ मध्यें त्वचेखालच्या थरासह चेहरा उचलण्याची रीत मांडली. १९७६ मध्यें मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच शस्त्रवैद्यांनीं त्या पडद्याचें नीट वर्णन केलें. तेव्हांपासून ओढ पडद्यावर द्यावयाची आणि त्वचा ताणाविना नुसती बसवावयाची, हें तत्त्व रूढ झालें.

म्हणून या शस्त्रक्रियेचा खरा गुण जबड्याच्या रेषेवर आणि गळ्यावर येतो. कपाळावरच्या आठ्या, पापण्यांखालच्या पिशव्या, ओठांभोंवतींच्या बारीक रेघा, गालांवरचा वांग, यांतील कांहींही तिनें जात नाहीं. कापड ताणल्यानें त्याची घडी जाते, पण त्याची वीण बदलत नाहीं. ज्याला वीण बदलावयाची आहे त्याच्यासाठीं दुसरे उपाय आहेत. ते वेगळे, त्यांचे धोके वेगळे. हा भेद समजून न घेतां गेलेला मनुष्य चांगली शस्त्रक्रिया होऊनही असंतुष्ट राहतो. फेसलिफ्टचा परिणाम सामान्यतः सात ते दहा वर्षें टिकतो असें मानतात. वय मात्र त्या दिवसापासूनही पूर्वीच्याच गतीनें पुढें चालत राहतें.

आतां तें कारण सांगतों. माझ्याकडे अनेक वर्षें औषधासाठीं येणाऱ्या एक बाई आहेत. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. शिस्तीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मला अगदीं बरें वाटत आहे. पण जो भेटतो तो विचारतो, बाई, प्रकृति बरी नाहीं का? मी थकलेली नाहीं, पण माझा चेहरा परस्पर थकलेला सांगतो." मला त्यांचें म्हणणें पटलें. त्यांनीं सर्जन गांठले. सर्जननीं त्यांना तपासलें, सर्व विचारलें, आणि विचारतांना, "सिगरेट ओढतां का?" असेंही विचारलें. बाई म्हणाल्या, "छे! मी कशाला ओढूं?" आणि दोघेंही हंसलीं. मग माझ्याकडून प्रकृतीचें पत्र मागविण्यांत आलें. मीं रक्तदाब लिहिला, साखर लिहिली, आणि 'व्यसन' या शब्दापुढें 'नाहीं' असें लिहून सही केली.

श्रोतेहो, त्या बाई लहानपणीं आजीच्या घरीं मिश्री लावायला शिकल्या होत्या, आणि आजतागायत सकाळसंध्याकाळ दांतांना मिश्री लावीत होत्या. मला हें वीस वर्षें ठाऊक होतें. त्यांच्या लेखीं ती दांतांची पूड होती. आणि माझ्या लेखीं, एका आदरणीय बाईंच्या नांवापुढें लिहिण्यासारखी ती गोष्ट नव्हती. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. शस्त्रक्रियेनंतर पांचव्या-सहाव्या दिवशीं त्यांच्या एका कानामागील रुपयाएवढी त्वचा काळी पडली व मेली. ती जखम भरून येण्यास दोन महिने लागले, आणि तेथें एक रुंद व्रण कायमचा राहिला. सर्जननीं विचारलें नाहीं, बाईंनीं सांगितलें नाहीं, आणि ज्याला माहीत होतें त्यानें लिहिलें नाहीं. या तिघांत सर्वांत मोठा दोष माझा आहे, असें मी समजतों.

हें कां झालें तेंही समजून घ्या. फेसलिफ्टमध्यें गालाची व कानामागची त्वचा खालच्या भागापासून सोडवून उचललेली असते. तिला रक्त मिळतें तें फक्त एका कडेनें. विहिरीचें पाणी पाटानें सोडलें असतां शेवटच्या वाफ्याला जसें सर्वांत कमी मिळतें, तसें कानामागच्या त्वचेचें आहे. ती पाटाच्या शेवटचा वाफा होय. तंबाखूंतील निकोटिन सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करतें, म्हणजे पाटच अरुंद करतें. सिगरेट ओढणाऱ्यांमध्यें अशी त्वचा मरण्याचा संभव न ओढणाऱ्यांच्या सुमारें बारापट असल्याचें १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत आढळलें. तेव्हां सर्जननीं 'सिगरेट' हा शब्द उच्चारला तरी आपण उत्तर 'तंबाखू' या शब्दाला द्यावें. मिश्री, तपकीर, पानांतली तंबाखू, गुटखा, विडी, हल्लींची विजेवर चालणारी सिगरेट, सर्व कांहीं सांगावें. निदान चार आठवडे आधीं आणि शस्त्रक्रियेनंतरही सर्जन सांगतील तितके दिवस तें पूर्णपणें बंद असावें. तंबाखू सोडण्यासाठीं मिळणारा डिंक व पट्ट्या यांतही निकोटिनच असतें. सर्जनना विचारल्यावांचून त्यांचा आधार घेऊं नये. सोडणें जमत नसेल तर तसें सांगून शस्त्रक्रिया पुढें ढकलावी. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. खोट्या उत्तराची किंमत मात्र त्वचेला द्यावी लागते.

आतां बाकीची तयारी क्रमानें सांगतों.

पहिली तयारी आरशापुढची. दिवसाच्या उजेडांत आरसा घेऊन बसावें आणि मला नक्की काय खुपतें हें दोन-तीन वाक्यांत कागदावर लिहावें. 'मला तरुण दिसावयाचें आहे' हें वाक्य सर्जनच्या उपयोगाचें नाहीं. 'माझ्या जबड्याची रेषा हरवली आहे' किंवा 'गळ्यावरच्या या दोन दोऱ्या मला नकोत' हें उपयोगाचें आहे. मोबाइलवर स्वतःच टिपलेल्या छायाचित्रावर विसंबूं नये. तें फार जवळून घेतलेलें असल्यामुळें नाक मोठें आणि चेहरा वेडावांकडा दिसतो. त्यापेक्षां कपाटांतील जुनीं छायाचित्रें काढावीं. पंचविशीतलें, चाळिशीतलें, पन्नाशीतलें असें एकेक बरोबर न्यावें. आपला चेहरा कसा होता व कोठें बदलला, हें सर्जनना त्यांवरून कळतें. एखाद्या नटीचें छायाचित्र मात्र नेऊं नये. आपल्या हाडांवर तिचा चेहरा बसत नाहीं.

दुसरी तयारी मनाची, आणि ती अधिक अवघड आहे. हें मला कोणासाठीं आणि आतांच कां हवें आहे, असा प्रश्न स्वतःला विचारावा. पति वारला आहे, मुलगा परदेशीं गेला आहे, नोकरींत डावललें गेलें आहे, अशा ताज्या दुःखांत घेतलेला निर्णय सहा महिने थांबला तर बिघडत नाहीं. दुसऱ्याच्या टोमण्यावरून घेतलेला निर्णय तर घेऊंच नये. आणि जो मनुष्य इतरांना न दिसणाऱ्या एखाद्या व्यंगाच्या चिंतेंत दिवसाचे तास न् तास घालवितो, आरशापुढून हलत नाहीं किंवा आरसा टाळतो, त्याला एक मानसिक आजार असूं शकतो. त्याच्यावर औषध व समुपदेशन हे उपाय आहेत. शस्त्रक्रियेनें त्याचें समाधान बहुधा होत नाहीं. चांगला सर्जन अशा माणसाला नकार देतो, आणि तो नकार उपकार समजावा.

तिसरी तयारी औषधांची यादी. यादी म्हणजे आठवणीनें सांगितलेलीं नांवें नव्हेत. घरांतल्या सर्व गोळ्या, पुड्या, काढे, थेंब एका पिशवींत घालून ती पिशवीच न्यावी. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, सांधेदुखीच्या गोळ्या, यांनीं शस्त्रक्रियेच्या वेळीं व नंतर रक्तस्राव वाढतो. माशाच्या तेलाच्या, लसणाच्या व हळदीच्या अर्काच्या गोळ्याही सांगाव्या. वैद्यांचें औषध चालू असेल तर तेंही सांगावें. 'तें काय, घरगुतीच आहे,' असें म्हणून गाळूं नये. परंतु येथें एक इशारा देतों. यांतील कोणतेंही औषध स्वतःच्या मनानें बंद करूं नये. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनींत स्टेंट बसविला आहे त्यानें चेहऱ्यासाठीं ॲस्पिरिन परस्पर थांबविली तर प्राणावर बेतेल. तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांनीं व सर्जननीं मिळून घ्यावयाचा आहे. मधुमेहासाठीं किंवा वजन उतरविण्यासाठीं आठवड्याला घेण्याचीं जीं इंजेक्शनें हल्लीं निघालीं आहेत, तीं चालू असल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांना अवश्य सांगावें. त्यांनीं पोट रिकामें होण्यास वेळ लागतो व भुलेंत उलटी फुफ्फुसांत जाण्याचा धोका संभवतो. शिवाय वजन उतरत असतांना फेसलिफ्ट करूं नये. तें स्थिरावूं द्यावें.

रक्तदाबाविषयीं दोन शब्द अधिक बोलतों. या शस्त्रक्रियेंत सर्वांत अधिक वेळां उद्भवणारी अडचण म्हणजे त्वचेखालीं रक्त सांचणें. निरनिराळ्या अहवालांत तिचें प्रमाण शेंकडा एकापासून आठांपर्यंत दिलेलें आढळतें, आणि पुरुषांत तें अधिक असतें. ती बहुधा पहिल्या चोवीस तासांत होते आणि वाढलेला रक्तदाब हें तिचें एक मुख्य कारण आहे. तेव्हां रक्तदाब आधीं कांहीं आठवडे आटोक्यांत असला पाहिजे, आणि मधुमेह असेल तर मागील तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चांचणीही बरोबर असावी.

चौथी गोष्ट आपल्याकडील लोकांसाठीं विशेष महत्त्वाची आहे. आपल्या सांवळ्या त्वचेला उन्हापासून निसर्गतः अधिक संरक्षण असतें, त्यामुळें बारीक सुरकुत्या उशिरां येतात. पण तीच त्वचा व्रणाच्या जागीं काळवंडण्याचा आणि व्रण जाड होऊन फुगण्याचा संभव अधिक. म्हणून आपले कान पाहावेत. लहानपणीं कान टोचल्यावर किंवा मोठेपणीं बुगडीसाठीं वरचा कान टोचल्यावर तेथें गांठ आली होती का? लशीचा, भाजल्याचा, बाळंतपणांतील शस्त्रक्रियेचा व्रण कसा भरला? हें आपल्या अंगावरच लिहिलेलें असतें, आणि सर्जनना तें आपण होऊन दाखवावें.

फेसलिफ्टचा छेद साधारणपणें कानशिलावरच्या केसांतून निघतो, कानापुढून उतरतो, पाळीला वळसा घालतो, कानामागून वर चढतो आणि मागच्या केसांत शिरतो. तो कुशल हातांनीं लपतो, पण नाहींसा होत नाहीं. म्हणून आपण केस कसे बांधतों हें सर्जनना सांगणें अगत्याचें आहे. जी स्त्री रोज अंबाडा घालते, जिचे कान व मान सदैव उघडी असतात, तिचा छेद मोकळे केस सोडणाऱ्या स्त्रीपेक्षां निराळा आंखावा लागेल. कानांत जड कुड्या किंवा वेल घालण्याची संवय असेल तर तीही सांगावी. त्वचा ताणून शिवली असतां पाळी गालाकडे ओढली जाते व कान चेहऱ्याला चिकटल्यासारखा दिसतो. असें होऊं नये म्हणून काय काळजी घेतां, असें खुशाल विचारावें. पुरुषांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं गालाची दाढीची त्वचा वर व मागें सरकते. कल्ल्यांची जागा बदलते आणि पुढें कानामागेंही वस्तरा फिरवावा लागण्याचा संभव असतो.

आतां सर्जनना विचारावयाच्या प्रश्नांकडे वळूं. पुष्कळांना डॉक्टरांना प्रश्न विचारणें उद्धटपणाचें वाटतें. मी डॉक्टर आहें, आणि मी सांगतों कीं तें उद्धटपणाचें नाहीं. पहिला प्रश्न शिक्षणाचा. आपल्या देशांत वैद्यकीची पदवी, मग सामान्य शस्त्रक्रियेची पदव्युत्तर पदवी, आणि त्यानंतर तीन वर्षें प्लॅस्टिक सर्जरीचा अभ्यास करून एम्. सीएच्. ही पदवी मिळते. त्याच दर्जाची राष्ट्रीय मंडळाची परीक्षाही आहे. नुसती 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' अशी पाटी लावणारा शस्त्रवैद्य असेलच असें नाहीं. सर्जननीं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची किंवा त्या त्या राज्याच्या कौन्सिलची नोंद व आपली पदवी सांगण्यास कुरकुर करूं नये. भारतांतील प्लॅस्टिक सर्जनांची संघटना १९५७ पासून आहे. तिचे सभासद आहांत का, हेंही विचारतां येतें.

दुसरा प्रश्न जागेचा. शस्त्रक्रिया कोठें होईल, तेथें अतिदक्षता विभाग आहे का, भूल कोण देईल, आणि ते डॉक्टर मला आधीं भेटतील का? तिसरा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतों: "रात्रीं दोन वाजतां माझा गाल एका बाजूला अचानक सुजला व दुखूं लागला, तर मीं कोणाला दूरध्वनि करावा, आणि कोण येईल?" रक्त सांचणें ही अडचण अशीच अवेळीं येते आणि त्या वेळीं तास मोजून चालत नाहींत. या प्रश्नाला ज्याच्याजवळ तत्काल व स्पष्ट उत्तर नाहीं, त्याच्याकडे दुसरे प्रश्न विचारीत बसण्याचें कारण नाहीं.

चौथा प्रश्न अपायाचा. कानाच्या पाळीला स्पर्श पोंचविणारी मज्जातंतु या शस्त्रक्रियेंत सर्वांत अधिक वेळां दुखावते. मग पाळी बधिर राहते. चेहरा हलविणाऱ्या मज्जातंतूच्या एखाद्या शाखेला धक्का बसला तर भुंवई उचलत नाहीं किंवा हंसतांना खालचा ओठ वांकडा होतो. हें बहुधा कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत सुधारतें. कायमचें राहणें विरळा, पण अशक्य नव्हे. सर्जननीं हें आपण होऊन सांगितलें पाहिजे. एखाद्या रुग्णाच्या बाबतींत बिघडलें तेव्हां तुम्हीं काय केलें, असें विचारावें. 'माझ्या हातून कधींच बिघडलें नाहीं' असें उत्तर मिळालें तर तो सर्जन फार थोड्या शस्त्रक्रिया करीत असला पाहिजे, किंवा खरें बोलत नसला पाहिजे.

संमतिपत्र घरीं आणून वाचावें. एका गोष्टीला दिलेली संमति दुसऱ्या गोष्टीला लागूं होत नाहीं, आणि उपचाराचें स्वरूप, धोके व पर्याय समजावून घेतलेली संमतीच खरी, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालच्या एका महत्त्वाच्या निकालांत सांगितलें आहे. 'भुलेंत असतांनाच पापण्याही करून टाकूं' असें आयत्या वेळीं कोणी म्हणूं नये. आपलीं छायाचित्रें काढलीं जातात तीं उपचारासाठीं आवश्यक असतात. पण जाहिरातींत वापरण्याची परवानगी हा निराळा विषय आहे, आणि ती नाकारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

पैशांविषयीं थोडक्यांत सांगतों. सौंदर्यासाठीं केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा सामान्यतः देत नाहीं. आरोग्यसेवांना वस्तु व सेवा करांतून सूट आहे. पण जन्मजात व्यंग किंवा इजा यांसाठीं नसलेल्या सौंदर्यशस्त्रक्रियेला ती सूट नाहीं. तेव्हां सर्जन, भूलतज्ज्ञ, रुग्णालय, औषधें, कर, आणि पुन्हां कांहीं दुरुस्ती करावी लागली तर तिचा खर्च, असा सर्व आंकडा लेखी घ्यावा.

आणि दिवस. पहिले दोन आठवडे चेहरा सुजलेला व काळानिळा असतो. तीन-चार आठवड्यांनीं चारचौघांत मिसळतां येतें. बधिरपणा कांहीं महिने रेंगाळतो. व्रण पिकून फिका होण्यास वर्षही लागतें. म्हणून मुलामुलींच्या लग्नाच्या आदल्या महिन्यांत हें करूं नये. लग्न तिथीला ठरतें. जखम तिथि पाहून भरत नाहीं. पहिले दोन दिवस रात्रंदिवस जवळ बसणारें माणूस कोण, स्वयंपाक कोण करील, वांकून करावयाचीं कामें कोण उचलील, हेंही आधींच ठरवावें. भेटीला जातांना त्याच माणसाला बरोबर न्यावें. दोघांनीं ऐकलेलें अधिक ध्यानांत राहतें. मात्र तें माणूस ऐकण्यासाठीं असावें, आपल्याऐवजीं ठरविण्यासाठीं नव्हे.

कोठून उठून यावें, तेंही सांगतों. जेथें सर्जनच्या आधीं पैसे ठरविणारा मनुष्य भेटतो; जेथें 'आज रक्कम भरली तर सवलत' असें सांगितलें जातें; जेथें संगणकावर काढलेलें चित्र वचन म्हणून पुढें ठेवलें जातें; जेथें 'व्रण राहतच नाहीं' असें आश्वासन मिळतें; तेथून नमस्कार करून निघावें. आणि जेथें सर्व कांहीं समाधानकारक वाटलें, तेथेंही त्याच दिवशीं होकार देऊं नये. घरीं यावें, कागद वाचावा, दुसऱ्या एका सर्जनचें मत घ्यावें, आणि राहिलेले प्रश्न घेऊन पुन्हां एकदां जावें. ही शस्त्रक्रिया कोणाचाही जीव वांचविण्यासाठीं केली जात नाहीं. म्हणूनच तिच्या बाबतींत घाईला कोणतीही सबब नाहीं.

माझ्या त्या बाई आतां बऱ्या आहेत. त्यांना भेटणारीं माणसें प्रकृतीची विचारपूस करीत नाहींत, आणि त्या केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप करीत नाहींत. फक्त अंबाडा थोडा खालीं घालूं लागल्या आहेत. मी रेडिओवर बोलणार आहें हें कळल्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माझें नांव सांगूं नका, पण मिश्रीचें सांगा. आणि तुमच्या पत्राचेंही सांगा." मीं दोन्ही सांगितलीं आहेत. त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यांत पत्र लिहितांना 'व्यसन' या शब्दापुढें कांहीं लिहिण्यापूर्वीं मी लेखणी खालीं ठेवतों, आणि समोरच्या माणसाला, तो कितीही मोठा असला तरी, एकेक नांव घेऊन विचारतों. आपणही सर्जनपुढें बसाल तेव्हां, त्यांनीं विचारलें नाहीं तरी, सांगा.